वॉटरकलर घेऊन शांत बसायचंय? पुण्यात नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी सगळी माहिती

डोळे मिटून ध्यानाला बसलं की पाचव्या मिनिटाला गुडघा बोलायला लागतो, दहाव्या मिनिटाला ऑफिसचं राहिलेलं मेल आठवतं आणि मग आपल्याला हे जमणारं नाही असं ठरवून माणूस उठतो. असं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. हाताला काम दिलं तर मन जरा लवकर बसतं, आणि त्यासाठी वॉटरकलरइतकं सोयीचं काही मला तरी मिळालेलं नाही. तेलरंग वाळायला कित्येक दिवस घेतात, शिवाय फ्लॅटमध्ये टर्पेंटाइनचा वास कोंडतो. ॲक्रिलिक इतक्या पटकन वाळतं की थांबायला वेळच मिळत नाही. वॉटरकलर मधलं आहे, ते दर थोड्या वेळाने तुम्हाला हात बाजूला ठेवायला लावतं, कारण खालचा थर ओला असताना पुढे गेलात तर सगळा चिखल होतो. हे जे थांबणं आहे ना, खरं काम तिथे होतं. पुढे जे काही सांगितलंय ते सगळं या थांबण्याच्या सोयीसाठी आहे असं समजून वाचा.

चित्र काढता यावं लागतं का, असं बरेच जण विचारतात. नाही लागत. "माझी तर एलिमेंटरीपण झालेली नाही" म्हणणारे लोक उलट लवकर रमतात, कारण त्यांच्या डोक्यात वस्तुचित्र-स्मरणचित्राचे मार्क नसतात. अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ साली एक अभ्यास झाला होता, ३९ जणांना ४५ मिनिटं मनाला येईल ते करू दिलं, माती, कोलाज, मार्कर पेन, काहीही, आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, तपासलं. साधारण तीन चतुर्थांश लोकांचं कमी झालं आणि आधी कला शिकलेले-न शिकलेले यात फरक दिसला नाही. अभ्यास छोटा आहे, तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावर फार इमारत उभी करू नका, पण ४५ मिनिटांची बैठक हा अंदाज मात्र माझ्या अनुभवाशी जुळतो. त्याहून कमी वेळात रंग लावून तो वाळेपर्यंत बसणं नीट होत नाही.

काय काय लागेल

- ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) वॉटरकलर पेपर, शक्यतो १०० टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (थोडा खरबरीत पोताचा). ए फाइव्ह साइज पुरे.
- तीन ट्यूब: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ओकर
- गोल ब्रश दोन, ६ आणि १० नंबर, सिंथेटिक चालेल
- १ इंची चपटा ब्रश
- पांढरी चिनीमातीची बशी (पॅलेट म्हणून)
- दोन बरण्या पाणी, एक धुवायला एक स्वच्छ
- परीक्षेचं क्लिपवालं पॅड आणि मास्किंग टेप
- जुन्या सुती साडीचा किंवा बनियनचा तुकडा
- एचबी पेन्सिल. खोडरबर मुद्दाम लिहिलेलं नाही.

बशी, बरण्या, पॅड घरातच निघेल. बाकीचं साधारण हजार-दीड हजारात बसतं, त्यात सगळ्यात महाग कागद असतो आणि तिथेच कंजूषी करू नका.

१. आधी घरच्यांशी आणि स्वतःशी एक ठरवून घ्या

पहिले तीन महिने जे काही होईल ते कुणाला दाखवायचं नाही. स्टेटसला नाही, फॅमिली ग्रुपवर नाही, बहिणीलासुद्धा नाही. हे ऐकायला कडक वाटतं पण दाखवायचं म्हटलं की हात लगेच छान दिसेल असं काहीतरी करायला लागतो आणि आपण परत परीक्षेला बसल्यासारखे होतो. घरात तर लोक बघणारच. माझ्या सासूबाईंनी टेबलवरचा कागद उचलून विचारलं होतं, "अगं, नुसतं निळं निळं करून ठेवलंयस, चित्र कुठंय यात?" मी म्हटलं, "आई, आज एवढंच करायचं होतं." त्यांनी "बरं" म्हणून कागद परत ठेवला आणि नंतर कधी विचारलं नाही. एवढं साधं उत्तर पुरतं, जास्त समजावत बसू नका.

२. सामान आणायला अप्पा बळवंत चौक (एबीसी)

ऑनलाइन सगळं मिळतं पण पहिल्यांदा कागद हाताने बघून घ्या. एबीसीत आर्ट मटेरियल ठेवणारी दुकानं आहेत, तिथे काउंटरवर "वॉटरकलरचा कॉटन पेपर, ३०० जीएसएम, कोल्ड प्रेस" एवढं सांगितलं की समोर येतं. गाडी नेऊ नका, मंडई मेट्रो स्टेशनला उतरून चालत जा. आणि जूनमध्ये शाळा सुरू होतात तेव्हा तर तिकडे फिरकूच नका, वह्या-पुस्तकांच्या गर्दीत तुमच्याशी बोलायला कुणाला वेळ नसतो.

दुसरी जागा म्हणजे शिवाजीनगरला के. बी. जोशी मार्गावरची हातकागद संस्था, १९४० पासूनची. तिथल्या कागदाला हात लावला की निघवत नाही. पण घेताना वॉटरकलरसाठी पाहिजे असं स्पष्ट सांगा. हातकागद सगळेच रंगकामाचे नसतात, ज्याला खळ कमी असते तो कागद टीपकागदासारखं पाणी पिऊन टाकतो आणि मग वॉश, म्हणजे रंगाचा सलग पातळ थर, पसरतच नाही.

रंगांचं म्हणाल तर २४ शेड्सचा बॉक्स घेण्याचा मोह होतो, तो टाळा. दुकानदार दाखवणारच, आणि दिसतोही सुंदर. पण २४ रंग समोर असले की बैठकीतला अर्धा वेळ कुठला घेऊ यातच जातो. तीन रंगांत ती भानगड नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र केलं की राखाडीच्या इतक्या छटा निघतात, निळ्याकडे झुकणाऱ्या, तपकिरीकडे झुकणाऱ्या, की पावसाळ्यातलं सिंहगड रोडवरून दिसणारं आख्खं आभाळ त्यात होतं. कॅमलच्या आर्टिस्ट ट्यूब सुरुवातीला व्यवस्थित चालतात. शाळेतल्या वड्या किंवा पोस्टर कलर मात्र नको, त्यात तसा पारदर्शकपणा मिळत नाही.

३. जागा आणि वेळ

खिडकीजवळचं टेबल, उजव्या हाताने काम करत असाल तर उजेड डावीकडून. वेळ सकाळची, घर उठायच्या आधीची. रात्रीच्या ट्यूबलाइटमध्ये रंग वेगळे दिसतात आणि दमलेलं डोकं वाट बघायला तयार नसतं. पंखा बंद. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद ठेवणं कठीण आहे हे मान्य, म्हणून तेव्हा साडेसहालाच बसा, कारण दुपारच्या कोरड्या हवेत ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत पहिलं टोक वाळलेलं असतं.

फोन दुसऱ्या खोलीत. सायलेंट करून टेबलवर उलटा ठेवलेला फोन चालत नाही, सगळं लक्ष त्या उलट्या फोनकडे राहतं.

४. पहिली पाच मिनिटं एक ठिपका

बसल्या बसल्या रंगाला हात लावू नका. एका कोऱ्या कागदावर मधोमध रुपयाएवढा गोल ठिपका काढा, पेन्सिलने भरा, समोर उभा करून ठेवा आणि बघत बसा. चित्रकार सय्यद हैदर रझा लहानपणी मध्य प्रदेशात मंडल्याच्या बाजूला शाळेत होते तेव्हा त्यांचं लक्ष लागत नाही म्हणून मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघायला सांगितलं होतं, ही गोष्ट त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली आहे. पुढे तोच बिंदू त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला. आपल्याला काही रझा व्हायचं नाहीये पण युक्ती फुकट आहे आणि चालते. थोड्या वेळाने ठिपक्याच्या कडेला उजेडाची रेघ दिसायला लागते, तो डोळ्यांचा खेळ असतो, ती दिसली की समजायचं नजर स्थिरावली.

५. पहिला महिना फक्त वॉश

वॉश म्हणजे एकाच रंगाचा सलग पातळ थर. दुसरं काही नाही. झाड नाही, घर नाही, डोंगरामागचा सूर्य तर नाहीच नाही.

कागद चारी बाजूंनी मास्किंग टेपने पॅडवर चिकटवा. पॅडखाली एक जाड पुस्तक घाला म्हणजे वरची बाजू दोन-तीन बोटं उचलली जाईल. बशीत अल्ट्रामरीन भरपूर पाण्यात कालवा, कोऱ्या चहाइतकं पातळ, आणि जास्तीचंच कालवा कारण मध्ये संपलं की पुन्हा तसाच रंग बनत नाही. १० नंबरचा ब्रश पूर्ण भिजवून वरच्या कडेला डावीकडून उजवीकडे एक आडवी रेघ ओढा, सावकाश, श्वास सोडत. रेघेच्या खालच्या कडेला पाण्याची एक फुगीर ओळ जमते, उजेडात बघितलं तर चमकते. ती ओळ सांभाळायची. ब्रश पुन्हा भरायचा आणि पुढची रेघ त्या ओळीला जेमतेम स्पर्श करेल अशी ओढायची, म्हणजे ते पाणी खाली उतरतं आणि नव्या रेघेखाली पुन्हा ओळ जमते. असं खालपर्यंत. शेवटी ब्रश फडक्याला पुसून त्याच्या टोकाने ती उरलेली ओळ टिपून घ्यायची.

यात एक नियम आहे, मागे जायचं नाही. वर कुठे पांढरा डाग राहिलेला दिसेल, रेघ वाकडी गेलेली दिसेल, राहू द्या. ओल्या वॉशमध्ये ब्रश परत घातला की तिथे पाणी घुसतं आणि कोबीच्या फुलासारखी कडा उठते, ती काही केल्या जात नाही. सुरुवातीला हाच नियम सगळ्यात जड जातो, हात आपोआप दुरुस्तीला धावतो. ते धावणं बघायचं. दिवसभर आपण हेच करत असतो, पाठवलेला मेसेज परत वाच, बोललेलं वाक्य मनात घोळव, आणि इथे ते हातात उतरलेलं समोर दिसतं म्हणून थांबवता येतं.

६. वाळेपर्यंत काय करायचं

काहीच नाही. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि नेमका हाच लोक गाळतात. चहा करून आणू, तेवढ्यात कुकर लावू, भिजलेले कपडे वाळत घालू, आणि हेअर ड्रायर तर यूट्यूबवर प्रत्येक जण वापरताना दिसतो. त्यांना चित्र संपवायचं असतं, आपल्याला घाई नाही.

बसून कागदाकडे बघा. बघायला खूप असतं. आधी सगळा कागद आरशासारखा चमकत असतो, खिडकीचे गज त्यात दिसतात. मग कडेकडून चमक जायला लागते, कुठे आधी कुठे नंतर, आणि एका क्षणी सगळा मंद, मखमली होतो. त्यात बर्न्ट सिएना मिसळलेलं असेल तर निळ्याचे बारीक कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि तपकिरी वर पसरून राहतं, जवळ डोकं नेऊन बघितलं तर हे होताना दिसतं, रव्यासारखं दाणेदार पोत आपोआप तयार होतं. तुम्ही काही करत नाही आहात आणि काम चालू आहे. शेवटी रंग थोडा फिका पडतो, ते नेहमीचंच, घाबरू नका.

वाळला की नाही हे कळायला बोटांची मागची बाजू कागदाला हलकेच टेकवा. गार लागला तर आत ओल आहे. हाताइतकाच लागला तर झालं. बोटाचं टोक लावू नका, त्याचं तेल लागतं आणि पुढचा थर तिथे धरत नाही.

उन्हाळ्यात याला दहा मिनिटं पुरतात, जुलैमध्ये अर्धा तास किंवा जास्तही. त्यामुळे पावसाळ्यात एका बैठकीत एक वॉश, फार तर दोन. कमी झालं म्हणून हळहळायचं कारण नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडे, नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकलेले, झेन विचारात मुरलेले, वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास करायचे आणि उरलेला बराच वेळ नुसता विचारात, बसण्यात जायचा. त्यांचं एखादं चित्र प्रत्यक्ष बघायची संधी मिळाली तर सोडू नका, थरावर थर कसा दिला असेल हे शोधत तुम्ही आपोआप समोर उभे राहता.

मन या वेळात भटकणार. ईएमआय आठवेल, काल कोण काय बोललं ते आठवेल. ओढून आणायची मारामारी करू नका, फक्त आता कुठे चमक उरलीये हे शोधा. नजर तिकडे गेली की मनही येतं, पुन्हा जाईल, पुन्हा शोधा.

७. दुसऱ्या महिन्यात एक वांगं

वॉश हातात बसला की एक वस्तू घ्या. मी भरताचं वांगं सुचवते. मंडईतून किंवा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडून एखादं ताजं, देठासकट आणा, देठाच्या काट्यांसकट. खिडकीजवळ ठेवलं की त्याच्या पाठीवर खिडकीचाच एक छोटा पांढरा चौकोन उमटतो. वॉटरकलरमध्ये पांढरा रंग वापरायचा नाही, तो चौकोन म्हणजे कोरा कागद, त्यामुळे तो आधी बघून, मनात पक्का करून, त्याच्या भोवतीने रंग न्यायचा. म्हणजे ब्रश उचलायच्या आधी निदान पाच मिनिटं बघावंच लागतं. तीन रंगांत जांभळा येत नाही, काळपट निळा येईल, तो चालतो.

पहिला थर फिका. वाळू द्या. दुसरा थर सावलीच्या बाजूला. वाळू द्या. तिसरा अगदी गडद, देठाखाली आणि जमिनीला टेकतं तिथे. तीन थर म्हणजे तीन वेळा वाट बघणं, आणि शेवटच्या वेळी तुम्हाला त्या वांग्यावर एक जुना ओरखडा दिसेल जो पहिल्या पाच मिनिटांत दिसलाच नव्हता. तेच वांगं दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा, थोडं सुरकुतलेलं असतं. नंतर भरीत करा.

८. बाहेर बसायचं असेल तर

लगेच नको, बाहेर लोक बघतात, विचारतात, "काय काढताय?", लहान मुलं तर खांद्यावर रेलतात. पण एकदा घरची सवय झाली की जरूर जा.

जंगली महाराज रोडवर पाताळेश्वर माझी आवडती जागा. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं, अख्खं एका काळ्या पाषाणात कोरलेलं लेणं, आणि समोर गोल नंदीमंडप. बाहेर इतकी रहदारी आणि आत चार पायऱ्या उतरलं की आवाज खाली बसतो. त्या मंडपाची फक्त सावली रंगवा, राखाडीचे तीन थर, पूर्ण लेणं काढायला जाऊ नका. संरक्षित स्मारक आहे आणि लोक दर्शनाला येतात, म्हणून वाटेत पथारी मांडायची नाही, रंगाचं पाणी तिथे ओतायचं नाही, बाटलीत भरून घरी आणायचं.

एम्प्रेस गार्डनमध्ये जुन्या झाडांखाली निवांत बसता येतं, रविवार सोडून जा. तळजाई आणि वेताळ टेकडी सकाळी फिरणाऱ्यांनी भरलेल्या असतात पण मुख्य वाट सोडली की जागा मिळते. वारा जास्त असतो, टेपऐवजी चार क्लिपा न्या. सारसबाग संध्याकाळची अजिबात नाही.

९. लोक कुठे अडकतात

पावसाळ्यात कागद खराब होतो, हे आधी कुणी सांगत नाही. कागदाला लावलेली खळ दमट हवेत कुजते, बाहेरून कागद ठीक दिसतो पण रंग लावला की जागोजागी गडद ठिपके उठतात आणि माणसाला वाटतं आपलाच हात बिघडला. हात बिघडलेला नसतो. जूनच्या आधीच कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून, कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा, भिंतीला टेकवून नको. आणि पावसाळ्यापुरता साठा कमीच करा.

यूट्यूब लावून सोबत रंगवणं. शिकायला बघा, पण वेगळ्या वेळी. बैठकीत दुसऱ्याचा वेग आला की आपलं थांबणं गेलं.

मंडला कलरिंग बुक, म्हणजे गोलाकार नक्षीत रंग भरायची पुस्तकं. त्याला वाईट म्हणणार नाही, आजारपणात, प्रवासात बरी असतात. पण त्यात हात सतत चालू राहतो, थांबावं लागत नाही, आणि बऱ्याच जणांचं मन खाली चौकोन भरता भरता वर आपली जुनी भांडणं भरत बसतं.

रोज बसायचा हट्ट. आठवड्यातून तीन सकाळी पुरे. रोजचं ठरवलं की एक दिवस चुकतो आणि मग सगळंच सुटतं.

चहाचा कप आणि रंगाच्या पाण्याची बरणी शेजारी शेजारी ठेवू नका, काही रंगांत कॅडमियम-कोबाल्टसारखे धातू असतात. ब्रशचं टोक ओठांनी ओढून नीट करायची सवय असेल तर ती मोडा. बशीसुद्धा परत जेवणात जाऊ देऊ नका.

आणि एक गंभीरपणे. झोप उडालीये, कशातच रस वाटत नाही, जीव नकोसा होतोय असं आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. रंग सोबतीला ठेवा, औषधाच्या जागी नको.

१०. क्लास लावायचा का

पहिले तीन महिने नको. नंतर वाटलं तर जरूर लावा, पुण्यात वॉटरकलरची मोठी परंपरा आहे आणि शिकवणारी चांगली माणसं आहेत. फक्त आधी जाऊन एक तास मागे बसून बघा. सर किंवा मॅडम विद्यार्थ्याच्या कागदावर स्वतःचा ब्रश फिरवून चित्र पूर्ण करून देत असतील तर तो क्लास आपल्या कामाचा नाही. वॉश वाळेपर्यंत सगळ्यांना थांबायला लावत असतील तर फी भरून टाका. शिवाय घोले रोडवरचं राजा रवी वर्मा कलादालन आणि बालगंधर्वचं कलादालन, इथे प्रदर्शनं चालू असतात, जाता येता आत डोकवा, एकाच चित्रासमोर दहा मिनिटं उभं राहा आणि पहिला थर कुठला असेल ते ओळखायचा प्रयत्न करा.

उठताना ब्रश पाण्याच्या बरणीत उभा सोडून जाऊ नका, टोक वाकतं आणि परत सरळ होत नाही. साध्या पाण्यात धुऊन, बोटांनी टोक जुळवून, फडक्यावर आडवा ठेवा. मास्किंग टेप कागद पूर्ण वाळल्यावरच काढा, कडेकडे तिरका ओढत, नाहीतर कागदाचा पापुद्रा निघतो. मागच्या बाजूला पेन्सिलने तारीख आणि हवा लिहून ठेवा, "१२ जुलै, रिपरिप, वाळायला ४० मिनिटं" असं, पुढच्या वर्षी त्याच महिन्यात बसताना किती वेळ हाताशी धरायचा ते त्यावरून कळतं.